गस्त केव्हा थांबली?

१

मंगळवारी दुपारी पाऊण वाजता लिफ्टबाईंनी आपल्या थोरल्या बहिणीच्या घराचं दार स्वतःजवळच्या किल्लीने उघडलं. दर मंगळवारी दोघी बहिणी एकत्र जेवायच्या. एरवी कुलपात किल्ली फिरली की आतून ताईचा खणखणीत आवाज यायचा, “चपला बाहेर!” आज आवाज आला नाही.

ताई न्हाणीघरात होती. फरशीवर, उजव्या कुशीवर. ओठ पांढरेफटक पडलेले.

“आलीस?” ती पुटपुटली. “काल संध्याकाळी सात चाळीसला पडले. इथून दारातून घड्याळ दिसतं. सतरा तास तेच बघतेय.”

ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेली, त्यामुळे वेळेचा हिशेब तिच्या अंगात मुरलेला. एकटी राहायची म्हणून मुलाने तिच्या मनगटावर एक पट्टा बांधून दिला होता. पट्टा दर मिनिटाला कंपनीला निरोप पाठवतो, आणि दहा मिनिटं निरोप आला नाही तर कंपनीत गजर वाजतो, तिथून लगेच घरच्यांना फोन जातो, असं कबूल केलेलं होतं. पट्टा आत्ताही मनगटावरच होता. नळावर आपटून त्याचा चुरा झाला होता. फोन मात्र कुणालाच आला नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात खाट मिळाली, सलाईन लागलं. लिफ्टबाईंनी पट्ट्याच्या कंपनीला फोन करून सगळं कळवलं. तीन वाजता एक चष्मेवाली मुलगी धापा टाकत आली आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

“मी पट्ट्याच्या कंपनीत प्रोग्रामर आहे,” ती म्हणाली. “निरोप थांबले तर गजर वाजवायचं काम ज्या भागाकडे आहे, तो मी लिहिलाय. आम्ही त्याला गस्त म्हणतो. गजर वाजायलाच हवा होता. का वाजला नाही, मला माहीत नाही.”

आणि ती रडायला लागली. तीन दहाला डॉक्टर आले तेव्हा लिफ्टबाईंना तिला दंडाला धरून बाजूला करावं लागलं. पावणेचारपर्यंत ती तिथेच होती.

बुधवारी कंपनीचं पत्र आलं. ‘ग्राहकाने सोमवारी सायंकाळी ७.३९ वाजता पट्टा स्वतःच्या हाताने बंद केल्याची नोंद आहे. यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही.’

“खोटं!” ताई उशीवरून ओरडली.

परदेशातून मुलाने फोनवर समजूत घातली. “आई, राहू दे ना. आंघोळीला जाताना दाबलं गेलं असेल बटण. नसेल आता आठवत.”

“मला माझा पाय घसरलेला आठवतो, नळ कुठे लागला ते आठवतं, घड्याळाचा प्रत्येक तास आठवतो. मी बटण दाबलं नाही हेही आठवतं. माझं हाड मोडलंय, डोकं नाही.” तिने फोन ठेवला आणि बहिणीकडे वळली. “तू जन्मभर पडलेल्या लिफ्ट तपासल्यास. आता हे तपास.”

लिफ्टबाईंनी पत्राची घडी करून पर्समध्ये टाकली. सरकारी लिफ्ट तपासनीस म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. कोणतंही यंत्र पडल्यावर मालक पहिलं वाक्य कोणतं बोलतो, हे त्यांना पाठ होतं. ते ‘कोणताही दोष आढळला नाही’ या पत्रात शब्दशः होतं.

२

कंपनी एका रंगाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. गुरुवारी दुपारी लिफ्टबाई जिन्याने वर गेल्या. एक लांबट खोली. कोपऱ्यात फोनवर बसणारी एक पोक्त बाई, कानाला हेडफोन. मध्ये मालकांचे मेहुणे, विक्री सांभाळणारे, हसतमुख आणि अघळपघळ. काचेमागे मालक. प्रोग्रामर मुलीची खुर्ची रिकामी.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती. ‘सर्व सेवा चालू.’

“बघा,” मालक म्हणाले, “बाराशे पट्टे. सगळ्यांचे निरोप दर मिनिटाला येताहेत. चाळीस दिवसांत आमची यंत्रणा एकदाही बंद पडलेली नाही.”

“हिरवा रंग कशाचा?”

“यंत्रणा चालू असल्याचा.”

“लिफ्टमध्येही दिवा असतो,” लिफ्टबाई म्हणाल्या. “तो लागलेला असला म्हणजे दिव्याला वीज आहे, एवढंच कळतं. ब्रेकचं काही कळत नाही.”

त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सुरू होऊन: १ दिवस २२ तास.’ मनगटावरच्या घड्याळात एक दहा झाले होते. त्यांनी मनात मागे मोजलं. मंगळवार, दुपारचे तीन दहा.

“चाळीस दिवस बंद पडली नाही म्हणता, मग परवा ही पुन्हा सुरू कुणी केली?”

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं आखडलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“तुमच्यापासून काय लपवायचं. आमच्या प्रोग्रामर मुलीने मंगळवारी दुपारी न विचारता काहीतरी उचापत केली. प्रोग्राम बंद करून परत सुरू केला. तिच्या नावाने नोंद आहे, तीन दहाची. म्हणून तिला घरी बसवलंय. उद्या तिचा राजीनामा घेतोय.”

“तिच्या नावाने? तीन दहाला?”

“तीन दहाला. हवं तर छापून देतो.”

“द्या,” लिफ्टबाई शांतपणे म्हणाल्या.

तीन दहाला त्या मुलीचा दंड त्यांच्या स्वतःच्या हातात होता.

३

मुलगी घरी होती. टेबलावर राजीनाम्याचा कागद पडलेला. कागदावर तयार मजकूर होता: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे…’

“सही केलीस?”

“नाही. करणार नाही. माझी चूक असेल तर मी स्वतःच्या शब्दांत लिहीन. त्यांच्या नाही.”

“छान. आता मला सगळं सोपं करून सांग. तुझा पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?”

“बंद पाकिटात साहेबांच्या कपाटात. अडीअडचणीसाठी. मेहुण्यांनाही कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत आहे.”

“आणि ही गस्त म्हणजे नेमकं काय?”

मुलीने चष्मा पुसला. “प्रोग्राम एकच आहे, पण त्यात एकाच वेळी खूप कामं चालतात. बाराशे पट्टे, तर बाराशे वेगवेगळी बोलणी. एकासाठी दुसरं थांबत नाही. त्यांच्या मागे काही कामं ठराविक वेळाने आपोआप उठतात. गस्त दर मिनिटाला उठते, सगळी यादी वरून खालपर्यंत बघते. प्रत्येकाची आत्ताची वेळ वजा शेवटच्या निरोपाची वेळ. दहा मिनिटांच्या वर गेलं की गजर. कुणी हाताने पट्टा बंद केला, तर पट्टा आधी तसा निरोप देतो, मग गस्त त्याला सोडून देते.”

“गस्त मध्येच अडखळून पडली तर बाकीचं सगळं थांबतं?”

मुलीने पुसलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“नाही. तेच तर. पट्टे बोलत राहतात, पडदा हिरवा राहतो. फक्त गस्त पुन्हा उठत नाही. मी तिला सुरू केलं आणि सोडून दिलं. ती जिवंत आहे का हे विचारणारं कुणी ठेवलं नाही. गेल्या वर्षी मी साहेबांकडे त्यासाठी दोन दिवस मागितले होते. ते म्हणाले, चाललंय ना, मग कशाला हात लावतेस. मी गप्प बसले. ती माझी चूक. ती मी कुठेही कबूल करीन.”

“गेल्या आठवड्यात तू प्रोग्राममध्ये काही बदललंस?”

“मी शनिवारपासून सुटीवर होते. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन. मंगळवारी दुपारी कामावर येत होते, तेवढ्यात तुमच्या ताईंचं कळलं, तशीच इस्पितळात आले.”

“मग गस्त पडली असेल तर कशाने? आणि केव्हा?”

“पडली की नाही हेच आता कळायचं नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की गस्तही पहिल्यापासून सुरू होते. कुणीही बघायला गेलं तर ती व्यवस्थित चाललेलीच दिसणार.”

“म्हणजे मेलेल्याला कुणीतरी उठवून बसवलं,” लिफ्टबाई म्हणाल्या. “मग आपल्याला अशा माणसाला विचारायला हवं, ज्याच्या कानाला गस्तीची सवय आहे.”

४

फोनवर बसणाऱ्या बाई संध्याकाळी पाचला सुटायच्या. लिफ्टबाईंनी त्यांना खाली रंगाच्या दुकानाशेजारी चहाला थांबवलं. बाईंनी आधी कानांवर हात ठेवले. “मला त्या यंत्रातलं काही कळत नाही हो.”

“मलाही नाही. मला फक्त गजराचं सांगा. दिवसाला किती वाजतात?”

“आठ-दहा तर ठरलेले. कुणी पट्टा काढून आंघोळीला जातं, कुणाची बॅटरी संपते. मी फोन करते, ते ओरडतात, मी वहीत लिहिते.”

“वही बघू?”

बाईंनी वर जाऊन वही आणली. अक्षर सुरेख, एकेक ओळ वेळेसकट. शनिवारी नऊ गजर. रविवारी पाच, शेवटचा सकाळी अकरा बावन्नला. त्यापुढे कोरं. सोमवार पूर्ण कोरा. दिवसाच्या बाईचाही आणि रात्रीच्या बाईचाही. मंगळवारी दुपारी तीन अकराला मात्र एकाखाली एक सात ओळी.

“सात गजर? एकाच मिनिटाला?”

“हो ना! पडदा मिनिटभर काळा झाला, परत आला, आणि सातही एकदम कोकलायला लागले. त्यात तुमच्या ताई होत्या. माझी तर पाचावर धारण बसली. साहेब आतून बाहेर आले, म्हणाले, चाचणी आहे, लिहू नका. पण माझा हात लिहून मोकळा झाला होता.”

लिफ्टबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. सात माणसं एकाच मिनिटाला गप्प होत नाहीत. ती दोन दिवसांत एकेक करून गप्प झाली होती, आणि गस्त उठताच तिला सगळी एकदम दिसली. म्हणजे गस्त रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला पडली. ताई घसरण्याच्या दीड दिवस आधी. ताईने बटण दाबलं असतं, तरी कुणाला काही फरक पडला नसता.

“रविवारी बाराला काय झालं होतं?”

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. “मेहुणे एका सोसायटीत पट्टा दाखवायला गेले होते. मला फोन केला. म्हणाले, नवा पट्टा नोंदवतोय, दहा मिनिटांत गजर वाजेल, लोकांसमोर फोन करा. मी बसून राहिले. वाजलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, लिफ्टबाईंनी मेहुण्यांना जिन्यातच गाठलं.

“रविवारी कुठला पट्टा नोंदवलात?”

“पट्टा? छे! मी नुसती माहिती दिली. यादी बघा ना, रविवारची एकही नोंद नाही.”

त्यांनी स्वतःच मोबाइलवर यादी काढून दाखवली. खरंच नव्हती. पण क्रमांक बाराशेनंतर एकदम बाराशे दोन होता.

“मधला कुठे गेला?”

“खराब निघाला असेल,” मेहुणे म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेले.

लिफ्टबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. सगळं कळलं होतं, आणि हातात काहीच नव्हतं. ज्या नोंदीने गस्त पाडली ती पुसून टाकलेली. मालकांकडे छापील कागद, यांच्याकडे एका बाईची वही.

त्यांनी मुलीला फोन लावला. “अगं, तू म्हणालीस, मागे काही कामं आपोआप उठतात. गस्तीशिवाय आणखी कुठली?”

“घड्याळ जुळवणं. तुटलेली बोलणी आवरणं. आणि…” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मावशी! दर सहा तासांनी यादीची प्रत काढणं! मी पहिल्या महिन्यात लिहिलं होतं. ते पडद्यावर दिसत नाही, साहेबांना माहीतच नाही. आणि गस्त पडली तरी ते काम पडत नाही, ते वेगळं आहे.”

“त्या प्रती कुठे जातात?”

“फोनवाल्या बाईंच्या टेबलाखाली एक काळी पेटी आहे. बाई रोज तिच्यावरची धूळ पुसतात.”

५

दुपारी दोनला मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मुलीने घरून आणलेला राजीनाम्याचा कागद तिच्यापुढे होता, लिफ्टबाईंपुढे त्यांनी ‘तक्रार नाही’ असं लिहिलेला कागद ठेवला. लिफ्टबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. “माझी बहीण इस्पितळातून ऐकते आहे.”

“ऐकतेय,” मोबाइलमधून आवाज आला. “मोठ्याने बोला.”

“आधी राजीनामा,” लिफ्टबाई म्हणाल्या. “मंगळवारी तीन दहाला हिने प्रोग्राम पुन्हा सुरू केला, असं तुम्हीच छापून दिलंत. त्या वेळी ही माझ्या बहिणीच्या खाटेपाशी होती. मी, डॉक्टर आणि वॉर्डातली नर्स साक्षीदार. म्हणजे पाकिटातला पासवर्ड कुणीतरी वापरला.”

लिफ्टबाईंनी पर्समधून दोन कागद काढले.

“आता हे दोन कागद. मंगळवारी दुपारी बाराची यादी, आणि मंगळवारी संध्याकाळी सहाची. प्रोग्राम स्वतःच प्रती काढून ठेवतो. बाराच्या यादीत क्रमांक बाराशे एक आहे. नाव ‘नमुना आजोबा’. नोंद रविवारी बारा वाजून सहा मिनिटांनी, मेहुण्यांच्या नावाने. शेवटच्या निरोपाची जागा कोरी. सहाच्या यादीत हे आजोबा गायब.”

मुलगी पुढे झुकली. “पट्टा एकदाही चालू न करता नोंदवला होता. त्यामुळे वेळच नाही. आत्ताच्या वेळेतून कोरी जागा वजा करता येत नाही. गस्त तिथे अडखळली आणि पडली. बारा वाजून सात मिनिटांनी.”

“आणि आमची ताई,” लिफ्टबाईंनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “बाराच्या यादीत तिच्यापुढे एवढंच आहे: शेवटचा निरोप सोमवार सात चाळीस. हाताने बंद केल्याचा शब्दही नाही. सहाच्या यादीत लिहिलंय, ‘हाताने बंद, सात एकोणचाळीस.’ बंद झालेला पट्टा एक मिनिटाने निरोप कसा पाठवतो, साहेब?”

मोबाइलमधून एक कोरडं हसू ऐकू आलं.

मालक सावकाश मेहुण्यांकडे वळले. “हे तू केलंस? मला न सांगता?”

मेहुण्यांचा चेहरा लाल झाला. हसतमुख माणूस पहिल्यांदाच खुर्चीतून उठला.

“मला न सांगता? भावोजी, रविवारी संध्याकाळी मी तुमच्या घरी येऊन सांगितलं, गजर वाजत नाही! तुम्ही म्हणालात, सोमवारी एका इस्पितळाचे लोक पट्टे घ्यायच्या आधी यंत्रणा बघायला येणार आहेत, मध्येच बंद केली तर पडदा लाल होईल. मंगळवारी बघू म्हणालात. नोंद मी चुकीची केली, मान्य. पण पुसली तुम्ही. आता सगळं माझ्या गळ्यात घालणार?”

लिफ्टबाईंना वाटलं होतं की मालकांनी घाबरून नंतर लपवालपवी केली असेल. त्यांना आधीपासून ठाऊक असेल हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं. बाराशे म्हातारी माणसं मनगटाला पट्टा बांधून निर्धास्त झोपली होती, आणि या माणसाने पडदा हिरवा ठेवला होता.

“एका दिवसाचा प्रश्न होता,” मालक पुटपुटले.

“सतरा तासांचा,” मोबाइलमधून ताई म्हणाली. “मी मोजलेत. लेखी द्या. पट्टा चालू होता, आणि बाईने बटण दाबलं नव्हतं. माझ्या मुलाच्या पत्त्यावर एक प्रत.”

मालकांनी घसा खाकरला. “हे बघा, आपण समजुतीने घेऊ. बाहेर गेलं तर कंपनीला कुलूप लागेल. बाराशे लोकांचे पट्टे बंद पडतील. ते चालेल तुम्हाला?”

“दोन्ही याद्या आणि वहीची पानं आज सकाळीच सरकारी तपास कार्यालयात दिली आहेत,” लिफ्टबाई म्हणाल्या. “आम्ही तिघींनी सह्या करून.”

“तिघी?”

फोनवाल्या बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “तिसरी मी.”

मुलगी उठली. राजीनाम्याचा कागद तिने उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने सकाळीच काही लिहून ठेवलं होतं. ती बाईंच्या टेबलापाशी गेली. सगळ्या ग्राहकांच्या घरच्यांना एकदम निरोप पाठवण्याची सोय फक्त त्या एका यंत्रावर होती.

“हात लावू नकोस,” मालक काचेच्या दारातून ओरडले. “तुला कामावरून काढलंय.”

“माझं काम अजून संपलेलं नाही, सर.”

बाईंनी खुर्ची मागे सरकवून तिला जागा करून दिली. मुलगी टाइप करू लागली आणि मोबाइलकडे तोंड करून मोठ्याने वाचू लागली, ताईला ऐकू जावं म्हणून.

“रविवारी दुपारी बारा सात ते मंगळवारी दुपारी तीन दहा या वेळात आमचा गजर बंद होता. तुमच्या माणसाला काही झालं असतं तर आम्हाला कळलं नसतं. एका बाईंना झालं, आणि कळलं नाही. गजर मी लिहिला आहे. तो पडला तर ओरडणारं कुणी मी ठेवलं नव्हतं. आमच्या मालकांना रविवारीच माहीत होतं. आम्ही ते दुरुस्त करेपर्यंत आपल्या माणसाला दिवसातून दोनदा स्वतः फोन करा. पट्ट्याच्या भरवशावर राहू नका.”

“शेवटचं वाक्य परत वाच,” ताई म्हणाली.

मुलीने परत वाचलं.

“आता पाठव.”

तिने बटण दाबलं. मालक दारात उभेच राहिले. मेहुणे खाली मान घालून जिन्याकडे गेले.

मग पहिला फोन वाजला. लगेच दुसरा, तिसरा. टेबलावर काचेखाली मालकांनी छापून दिलेलं वाक्य होतं, अशा फोनना द्यायचं उत्तर. फोनवाल्या बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हेडफोन कानाला लावला, वही उघडली, वेळ लिहिली.

“हो आजोबा,” त्या म्हणाल्या, “खरं आहे ते. बसा, सगळं सांगते.”